खालून वाचायची यादी

परभणी
९ डिसेंबर २०२५

प्रिय सुकेशनी आत्या,
सप्रेम जयभीम.

फोनवर ‘जेवलीस का’ एवढंच विचारायचं आणि बाकीचं कागदावर लिहायचं, हा तुझा नियम. आज बाकीचंच फार आहे. सिद्धोधनदादाची गावाकडची गाडी चारला स्टँडवरून सुटते. त्याआधी हे पत्र त्याच्या हातात द्यायचं आहे, म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस.

आमच्या ऑफिसात आम्ही चौघं होतो. मुंजाजीदादा पुण्याला गेले आणि त्यांच्या जागी माणूस आला नाही. महारुद्र सरांनी एआय एजंट घेतला. त्याला काम लिहून द्यायचं, मग तो आपणहून जुना प्रोग्रॅम वाचतो, नवा लिहितो, चालवून बघतो, चुकला तर दुरुस्त करतो. खुर्ची लागत नाही, डबा नाही, रजा नाही. फक्त पुढे जाण्याआधी माझी मंजुरी मागतो, कारण त्याच्यावरची देखरेख माझ्याकडे दिली आहे. शेजारच्या टेबलावरच्या प्रीतमने त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलंय. म्हणतो, “ग्रामसेवकासारखाच आहे. शेतात पाय न ठेवता सगळ्या गावाचे कागद तयार.”

बाकीचे हसतात. मला राग येतो, आणि नेमका कुणाचा ते कळत नाही. सभासदांच्या नोंदीचं पान मी महिनाभर खपून केलं होतं. मी डबा खात होते तेवढ्यात त्याने ते नव्याने लिहून ठेवलं आणि खाली एक ओळ टाकली, “सोपे केले आहे.” चांगलं केलं होतं, तेच जास्त लागलं. शिवाय त्याचे प्रश्न. दिवसाला चाळीस. मोबाइल नंबरातली मोकळी जागा काढली, चालेल का? बटणाचा हिरवा रंग थोडा गडद केला, चालेल का? मी प्रत्येक प्रश्न वाचते आणि मगच ‘मंजूर’ दाबते. सर म्हणतात, “मनिषा, तू सगळं वाचतच बसणार असशील तर त्याला घेऊन उपयोग काय झाला?”

एक काम आहे. पाणी वापर संस्थांना पाळीची यादी करून देणारा प्रोग्रॅम आम्ही बनवतोय. कालव्यातून चारीत उतरणारं पाणी कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी, किती तास, ते त्याला मोबाइलवर आधीच कळेल. पहिली संस्था आपल्याच गावची मिळाली. अध्यक्ष म्हणून दिनकररावांनी सही केली आहे, पण संस्थेकडे धड यादी नाही. आबांचं पाळ्यांचं जुनं रजिस्टर पाठवशील का? जिवापाड जपेन.

तुझी
मनिषा


१२ डिसेंबर

बाळ मनिषा,
जयभीम.

रजिस्टर सिद्धोधनच्या हाती देते. जुन्या लुगड्यात बांधलंय, लुगड्यासगट वापस पाठव. आबानं एकोणीस वर्षं चारीवर पाटकरी म्हणून पाण्याची दारं उघडली अन झाकली, पण या वहीला कधी ओला हात लावला न्हाई. तुमच्या भाऊसाहेबाला हातच न्हाईत, ते एक बरं हाय.

राग कुणाचा म्हणून इचारतीस. माझ्या अंगणवाडीत तीस लेकरं हाईत. न इचारता बाहेर पळणारं लेकरू अन धा बारी ‘बाई, बाहेर जाऊ का’ म्हणणारं लेकरू, दोन्ही डोक्याला तापच. पण इचारणाऱ्याचं दर बारी ऐकावं लागतं. अकराव्या बारीला ते ‘बाई, दारात साप हाय’ म्हणतं.

गहू चांगला उगवलाय. बांधाशेजारची सरजाबाई म्हणायलीय, आवंदा मनिषाच्या मोबाइलवर पाणी येणार. मी म्हनलं, पाणी चारीलाच येईल, मोबाइलवर खबर येईल. चारीच्या शेवटी जेवढी आपली घरं हाईत, तेवढ्या सगळ्यांना मी सांगून ठेवलंय की यादी माझ्या पोरीच्या हातची हाय. आता ‘पाणी कवा सोडता’ म्हणून दिनकररावाच्या ओसरीला जाऊन उभं ऱ्हायचं काम न्हाई.

जेवण टायमावर करत जा.
आत्या


परभणी
२६ डिसेंबर

प्रिय आत्या,
जयभीम.

वही उघडली आणि शाळेच्या आधीचे दिवस आठवले. आई-बाबा ऊसतोडीला गेले की मी तुझ्यापाशी. आकडे मी शिकले ते याच पानावर. सगळ्यात वर आबांनी चारीचं दार काढलंय. दाराला लागून दिनकररावांचं शेत, मग उतरत उतरत एक्काहत्तर नावं, आणि तळाशी, पाणी जिथं संपतं तिथं, आपलं. आबा माझं बोट धरून तळाशी ठेवायचे आणि म्हणायचे, “एक.” मग बोट वर चढायचं. पहिली पाळी शेवटच्या शेताला, नाहीतर वरचे पिऊन बसतात आणि खाली काही उरत नाही, हे मला मुळाक्षरांच्या आधी कळलं होतं. शाळेत बाईंनी फळ्यावर एक वरती लिहिला तेव्हा मी उभी राहून म्हणाले होते, “बाई, चुकलं.” घरी येऊन तू किती हसली होतीस.

भाऊसाहेबाला वहीचे फोटो दिले असते तर त्याने वाचले असते, पण आबांच्या अक्षरात त्याने चूक केली तर, या भीतीने मी एक्काहत्तर नावं स्वतः टाइप केली. वहीत जशी आहेत तशीच, वरपासून खालपर्यंत. दोन दिवस गेले. पुढचं वेळापत्रक त्याने अकरा मिनिटांत केलं. मला मात्र चैन पडेना. यादी पुन्हा तपासली. शेवटच्या ओळीवर तुझं नाव, तिथून सुरू केलं, वहीवर बोट ठेवून एकेक नाव वर चढत गेले. आबा शिकवायचे अगदी तसंच. एकही नाव चुकलेलं नाही.

सरांनी आता ‘सर्व मंजूर’ असं एक बटण करून घेतलंय. एकदा दाबलं की सगळे प्रश्न संपतात. प्रीतम तेच वापरतो. मी वापरत नाही. आज त्रेचाळीस प्रश्न आले, तीस झाले, तेरा राहिलेत. पण चार वाजत आले आणि हे पत्र गाडीला द्यायचं आहे. थांबते.

तुझी
मनिषा


१८ जानेवारी २०२६

बाळ मनिषा,
जयभीम.

कालव्याला पाणी आलं ५ तारखेला. आमच्या शेवटच्या लोकांना काही मेसेज न्हाई. वरची रानं भिजायला लागली. सरजाबाई म्हनली, चल, दारावर जाऊन इचारू. मी म्हनलं, गप बस, वरच्यांनी चोरून दार उघडलं असेल, आपली पाळी कुठं जात न्हाई, पोरीनं यादी केलीय. मग १६ तारखेला सकाळी मेसेज आला की सुकेशनी सिताराम, तुमची पाळी १८ जानेवारी, सकाळी सहा ते धा. त्याच दिवशी सांजच्याला वर कुठंतरी कालवा फुटला अन पाणी बंद झालं.

आज १८. सकाळी सहाला मी फावडं घेऊन बांधावर जाऊन आले. मनाला वाटलं, बघून यावं. चारी कोरडी.

शेवटचे नऊ जण राहिलो. गहू निसवायलाय, ओंब्या बाहेर पडायल्यात, आत्ताच पाणी पाहिजे त्याला. वरच्यांना विहिरी हाईत, त्यांचं काही अडत न्हाई. अन पहिली पाळी कुणाला गेली ठाव हाय का? दिनकररावाला. त्यानं तुमच्या हापिसात कुणाला तरी सांगून यादी उलटी करून घेतली, दुसरं काय. आबा गेल्यापासून त्याच्या मनात हायच ते. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की संस्थेची बैठक असते. मी सगळ्यांपुढं बोलणार हाय.

त्याच्याआधी तू तुमच्या हापिसात बघ, कुणी केलं ते.

आत्या


परभणी
२१ जानेवारी

प्रिय आत्या,
जयभीम.

पत्र मिळालं. वाचून फार वाईट वाटलं. ऑफिसात तपासणी चालू आहे. प्रणालीत तांत्रिक अडचण आली असावी, असं सरांचं म्हणणं आहे. दुरुस्ती केली जाईल.

दिनकररावांचं नाव इतक्यात घेऊ नकोस.

काम फार आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

मनिषा


२७ जानेवारी

मनिषा,
जयभीम.

बोलले मी. समाजमंदिराच्या ओट्यावर सगळे बसले होते. मी म्हनलं, दिनकरराव, आबा होता तवर पाणी शेवटाकडून सुरू झालं, आता दाराकडून कसं झालं? तो म्हनला, “मला काय ठाव. यादी तुमच्या पोरीकडून आलीय.” मी तुझं पत्र काढलं अन वाचून दाखवलं. तांत्रिक अडचण. म्हनलं, ही अडचण कुणी केली ते सांगा.

तो म्हनला, “सुकेशनीबाई, मला मोबाइलवर नातवाचा फोटो मोठा करता येईना, अन मी कॉम्प्युटरातली यादी फिरवली व्हय?” लोकं हसले. मी न्हाई हसले. मी म्हनलं, तुमच्या बापजाद्यांनी चारीचं दार आपल्या रानाकडं फिरवलं, तुमाला यादी फिरवायला काय अवघड हाय. मग कुणी हसलं न्हाई. तो उठला. म्हनला, “धा वर्षं झाली मी या खुर्चीत, चोर कुणी म्हनलं न्हाई. घ्या तुमची खुर्ची.” चहा तसाच सोडून गेला.

आज त्याच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, नातवाला अंगणवाडीत धाडलं न्हाई.

मी बोलले त्याचा मला पस्तावा न्हाई, खरं असलं तर. पण रात्री तुझं पत्र पुन्हा वाचलं. ‘नाव इतक्यात घेऊ नकोस.’ का घेऊ नको, ते लिहिलं न्हाईस. तुझं पत्र इतकं बारकं कधी नसतं. तुला काय ठाव हाय ते लिही.

आत्या


परभणी
२९ जानेवारी

प्रिय आत्या,

यादी दिनकररावांनी उलटी केली नाही. कुणीच उलटी केली नाही. ती मी टाइप केली तशीच आहे.

वहीत वरपासून खाली जशी नावं होती, तशी मी टाकली. ती खालून वाचायची असते, हे मी कुठंही लिहिलं नाही. लिहावं लागेल हे मला सुचलंच नाही. आणि तपासतानाही मी खालूनच वाचली, म्हणून मला ती बरोबरच दिसली. कुणीही नवखा माणूस पहिल्या ओळीपासून सुरू करेल. भाऊसाहेबाने तेच केलं.

पण त्याने विचारलं होतं. हे मी तुला २१ तारखेच्या पत्रात लिहायला हवं होतं. तेव्हा मला माहीत होतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी सगळ्या नोंदी उघडून बघितल्या. २६ डिसेंबर, चौतिसावा प्रश्न. “पाळीचा क्रम यादीतील पहिल्या नावापासून धरला आहे. योग्य आहे का?” त्याच्या वरचा प्रश्न अक्षराच्या आकाराचा आणि खालचा तारखेच्या रकान्याच्या रुंदीचा. समोर लिहिलंय, मंजूर, मनिषा, दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटं.

तेरा प्रश्न राहिलेत म्हणून तुला लिहिलं होतं ना, त्यातला हा. मला चारची गाडी गाठायची होती. ‘सर्व मंजूर’ दाबलं आणि पत्र घेऊन स्टँडवर पळाले. ते बटण मी वापरत नाही, हे त्याच पत्रात लिहिलेलं होतं.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, संस्थेला ‘तांत्रिक अडचण’ असं कळवू, सेलूच्या आणि मानवतच्या संस्था यायच्या आहेत, तू कुणाला काही लिहू नकोस. तो शब्द मी त्यांचाच उचलला आणि तुला पाठवला. तू तो चार माणसांत वाचून दाखवलास, हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

प्रीतम म्हणाला, “भाऊसाहेबाला सगळं येतं, फक्त सही येत नाही. त्यासाठी तुला ठेवलंय.” त्याने गमतीत म्हटलं. खरं तेच आहे.

मग मी भाऊसाहेबाला लिहिलं की पाळी शेवटच्या शेतापासून सुरू होते. त्याने चार सेकंदांत वेळापत्रक बदललं आणि लिहिलं, “माहितीबद्दल धन्यवाद. क्रम दुरुस्त केला आहे.” नऊ घरांचा गहू तहानलेला राहिला, हेही मी त्याला लिहिलं. का लिहिलं कुणास ठाऊक. त्याने समजुतीची दोन वाक्यं लिहिली आणि विचारलं, अशा शेतांची वेगळी यादी करून देऊ का? त्याच्यावर ओरडावं असं वाटलं. पण त्याने विचारलं होतं, आत्या. वाचलं नाही ते मी.

मनिषा


३१ जानेवारी

मनिषा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

आज दिनकररावाकडं जाऊन आले. ओसरीवरच उभी ऱ्हायले. माझ्या तोंडाला आलं ते बोलले, त्याची माफी मागितली. माझी मी मागितली, तुझी तू माग.

रविवारी ८ तारखेला पुन्हा बैठक लावायला सांगितलीय. तू ये. कागद पाठवू नको, तोंडानं सांग. तुझा कागद एकदा वाचला मी लोकांत, आता न्हाई वाचायची.

तुमच्या सायबानं काढलं कामावरून तर काढलं. अंगणवाडीत मदतनीसाची जागा रिकामी हाय, असं मी म्हणणार न्हाई. तुला कॉम्प्युटर आवडतं. पण ये.

लुगडं अजून वापस आलं न्हाई.

आत्या


९ फेब्रुवारी

बाळ मनिषा,
जयभीम.

तू बैठकीत सगळं खरं बोललीस अन लगेच गाडी धरलीस. एकच गाडी असते रविवारची, ठाव हाय मला, पण असं पळायला नको होतं. मागं काय झालं ते लिहिते.

तू गेल्यावर सरजाबाई म्हनली, “म्हंजे आता आमी ओरडायचं कुणावर? मशीनवर ओरडून भागत न्हाई, अन पोर रडूनच गेली.” मग दिनकरराव खाली बघून म्हनला, “एक माझंबी ऐका. पहिला मेसेज मला आला तवाच मला कळलं होतं की यादी उलटी हाय. सिताराम आबाच्या हाताखाली धा वर्षं पाणी घेतलंय मी, मला कळणार न्हाई का? मला वाटलं, वरून नियम बदलला असेल. कशाला इचारायचं म्हनलं. पाणी घेतलं.”

मी म्हनलं, इचारायला तोंड नव्हतं का?

तो म्हनला, “होतं. अन तुमाला बी होतं की, सुकेशनीबाई. अकरा दिवस तुमी बसल्या बांधावर, पोरीची यादी म्हणून.”

खरंच हाय ते, मनिषा. सरजाबाई दारावर चल म्हणत होती, मीच तिला गप बसवलं होतं.

गव्हाची ओंबी हातात घेतली की हलकी लागायलीय. खाण्यापुरता होईल, सरजाबाईचा तेवढाबी होईल का न्हाई सांगता येत न्हाई. ती माझ्याशी बोलते. तेवढं हाय.

आता पुढचं. १६ तारखेला, सोमवारी, कालव्याला पाणी येणार. यादी कॉम्प्युटरवरच करायची असं ठरलं, आबासारखा माणूस आता कुठून आणायचा. पण पाणी सोडायच्या आधी ती दारावर सगळ्यांपुढं वाचायची, अन ज्यानं केली त्यानं येऊन वाचायची. खुर्ची दिनकररावानंच सांभाळायची असंबी ठरलं. त्यानं इचारलं, यादीची जबाबदारी कुणाची लिहायची? मी म्हनलं, मनिषाची लिहा.

सकाळी सहाला. दिनकररावाचा नातू आज अंगणवाडीत आला होता.

आत्या


परभणी
१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

पळाले, कारण अजून थोडा वेळ थांबले असते तर दिनकररावांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. त्यांनी जे सांगितलं ते वाचून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांना एका मेसेजवरून कळलं आणि मला दोन दिवस यादी हाताळून कळलं नाही.

सरांनी कामावरून काढलं नाही. बोलावून म्हणाले, “तुला एवढी हौस आहे तर आता सगळ्या संस्थांचं तूच वाच. काम मात्र वेळेत पाहिजे.” वेळेत होत नाही. प्रीतम सहाला घरी जातो, मी त्याच्यानंतर तासाभराने उठते. ‘सर्व मंजूर’ हे बटण काढून टाका म्हटलं, तर सर म्हणाले, बाकीच्यांना ते लागतं. माझ्या पडद्यावरही ते अजून आहे. मोठं आहे आणि हिरवं आहे.

सोमवारची यादी आबांच्या पानासारखीच छापून घेतली आहे. वरती दार, खाली एक्काहत्तर नावं, तळाशी तुझं आणि तुझ्यापुढे एक. आज भाऊसाहेबाने लगेच विचारलं, “क्रमांक तळापासून वर जात आहेत. ही चूक असावी. दुरुस्त करू का?” हा आजचा तेविसावा प्रश्न होता. मी ‘नाही’ लिहिलं आणि कारणही लिहिलं, चांगलं सहा ओळींचं. त्याने विचारलं, हाच नियम सेलू आणि मानवतच्या संस्थांनाही लावू का? मी लिहिलं, नाही, त्यांची चारी त्यांना विचारायची. त्याने आभार मानले आणि पुढचा प्रश्न समासाच्या रुंदीबद्दल विचारला.

रविवारी मुक्कामाला येते. लुगडं धुऊन इस्त्री केलंय, वही त्यातच बांधून आणते. सहाला दारावर उभी राहीन आणि तळापासून वाचेन.

पावणेचार झाले आहेत. अजून सोळा प्रश्न राहिलेत. हे पत्र उद्याच्या गाडीला देईन.

तुझी
मनिषा